जोखीम कुणाच्या डोक्यावर?

(पुण्यातल्या एका वस्तीच्या विहारात, तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच छापायला दिलाय, फक्त थोडी काटछाट केली आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'कंपन्यांच्या सप्लाय चेनमधली रिस्क आणि सस्टेनेबिलिटी'. तो वाचून दोन-तीन पोरं मागच्या दारानं चहाला सटकली ते मी बघितलं. जाऊ द्या, येतील परत. विषय सुटाबुटातला आहे खरा. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत यावर दिवसदिवस बैठका चालतात. त्या बैठकांत मी बसलोय. टेबलाशी नाही, भिंतीला लागून, दुभाष्या म्हणून. कंपन्यांसाठी ऑडिट करणाऱ्या एका फर्ममध्ये मी अडीच वर्षं नोकरी केली. फर्मचं नाव सांगत बसत नाही, सगळ्यांचा छापा एकच.

त्यांचा लाडका शब्द रिस्क. मराठीत जोखीम. आता या शब्दाची गंमत बघा. एस.टी.त म्हातारी पिशवी पोटाशी धरून बसते आणि शेजारणीच्या कानात सांगते, 'बाई, जवळ जोखीम हाय.' म्हणजे डोरलं आहे, रोकड आहे. मौल्यवान वस्तू तीही जोखीम आणि ती लुटली जायची भीती तीही जोखीम. माझा पणजा येसकर होता. गावाचा सारा गोळा झाला की तो तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचं काम महाराचं. थैली डोक्यावर, हातात घुंगूरकाठी, आणि रान तुडवत चालायचं. पैसा सरकारचा, हिशेब कुलकर्ण्याचा, मान पाटलाचा आणि वाटेत दरोडा पडला तर मार पणजाच्या पाठीवर. बदल्यात काय? वतनाचा तुकडा आणि दारोदारची शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा प्रस्थापितांना कापरं भरलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. पण मौल्यवान वस्तू एकाची आणि धोका दुसऱ्याचा, ही वाटणी काही गेली नाही. मॅनेजमेंटच्या पुस्तकात तिला 'रिस्क ट्रान्सफर' म्हणतात. वाचल्यावर मला हसू आलं. च्यायला, आमच्या पणजानं हे फी न भरता शिकलं होतं.

मी एकाच साखळीबद्दल बोलणार. साखरेच्या. कारण तिचं शेवटचं टोक माझ्या घरात आहे.

टपरीवरची थंड पेयाची बाटली घ्या. तिच्यात पाणी, वायू, रंग आणि साखर. बाटली भरणारा कारखाना साखर व्यापाऱ्याकडून घेतो किंवा थेट साखर कारखान्याकडून. कारखान्याला ऊस देतो शेतकरी. ऊस तोडून आणायचं काम कारखाना वाहतूक ठेकेदाराला देतो, ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळी गोळा करतो आणि टोळीत असतात कोयते. शहरातल्या पोरांनो, कोयता म्हणजे इथं हत्यार समजू नका. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. दोन माणसं, हिशेबात एक. बाईचं वेगळं नाव कुठल्या वहीत नाही, वेगळी मजुरी नाही. दिवाळीच्या आसपास बीडमधून, आमच्या आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं घेऊन ट्रकमध्ये चढतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर, काही कर्नाटकात. पट्टा पडला की परत. यात वंजारी आहेत, लमाण आहेत, मराठेही आहेत आणि आम्ही बौद्ध, मातंग तर आहोतच. गावात ज्याला जमीन नाही, किंवा आहे तिथं पाणी नाही, तो कोयता उचलतो.

आता या साखळीत जोखीम कशी खाली घसरते ते बघा. शेतकरी म्हणतो, हे मजूर कारखान्याचे. कारखाना म्हणतो, आमचे कसले, ठेकेदाराचे. तोडणी-वाहतुकीचा खर्च तर कारखाना शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून कापून घेतो, म्हणजे त्याच्या दृष्टीनं हा विषय हिशेबातूनच गेला. ठेकेदार मुकादमाकडं बोट दाखवतो. आणि मुकादम? तो म्हणतो, मीच उचल घेऊन फसलोय. तोही बऱ्याचदा आपल्यातलाच, कालचा कोयता.

उचल म्हणजे हंगामाआधी जोडीनं घेतलेले पैसे. पन्नास हजार, लाख, त्याहून वर. ते फेडायचे तोडून. दर टनावर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला ३६६ रुपये झाले. जोडी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबली तर दीड-दोन टन. त्यात एक दिवस आजारी पडलात की खाडा. खाड्याला मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड. कुठं पाचशे, कुठं हजार.

मी बारा-तेरा वर्षांचा असतानाची गोष्ट. कारखान्यात काहीतरी मोडलं, गव्हाण बंद पडली. बैलगाड्यांची लाइन दीड मैल. आमची गाडी त्या लाइनीत दोन दिवस उभी. ऊस उन्हात वाळत होता. वाळला की वजन घटतं, आणि पैसा वजनावर. मशीन मोडली कारखान्याची आणि मजुरी तुटली माझ्या बापाची. त्यानं काय केलं, बैलांना वाढे घातले आणि गाडीखाली झोपला. मला वाटतं ऑडिटच्या अडीच वर्षांत मी रिस्कच्या जेवढ्या स्लाइडी बघितल्या त्या सगळ्या त्या लाइनीत होत्या.

पाऊस आला, खाडा. टायरगाडीचा टायर फुटला, खर्च टोळीचा. बाई बाळंत झाली, पाचव्या-सहाव्या दिवशी फडात. साप चावला, नशीब. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. सगळा देश घरात बसला पण साखर ही जीवनावश्यक वस्तू, म्हणून कारखाने चालू. लाखाच्या वर ऊसतोड मजूर कोप्यांत अडकून पडले. घरी जायची परवानगी निघायला एप्रिलचा मध्य उजाडला. साखळी तुटली नाही म्हणून कुणीतरी कुणाचं तरी अभिनंदन केलं असणार.

आता बायांबद्दल बोलतो. पोरींनो, तुम्ही खाली बघू नका, खाली बघायचं असेल तर आम्ही बघू. २०१९ साली बीडमधल्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. दर सहा जणींत एक. हे कुणा चळवळ्यानं भिंतीवर लिहिलेलं नाही, सरकारी कागद आहे. का काढतात? फडात पाणी नाही, आडोसा नाही, दिवसभर ओलं फडकं. जंतू जातात, अंगावरून जातं, पोट दुखतं. खाजगी दवाखान्यात गेलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. आणि खाडा डोक्यावर बसलेलाच असतो. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. बाई हा हिशेब स्वतः करते असं म्हणून जे हात झटकतात त्यांना मला विचारायचंय, हिशेबाची पाटी तिच्या हातात दिली कुणी?

माझ्या आईची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली. ऑपरेशनचे पैसे मुकादमानं दिले. पुढच्या वर्षीच्या उचलीत धरले. म्हणजे आईनं स्वतःची पिशवी फेडली ऊस तोडून.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी काय केलं ते सांगण्यासाठी आज उभा आहे.

जानेवारी २०२२. पश्चिम महाराष्ट्रातला एक कारखाना, त्याच्या भोवतालचे फड. ऑडिट करणारा साहेब दिल्लीचा. माणूस स्वभावानं वाईट नाही, बिसलेरी आधी ड्रायव्हरला द्यायचा. हातात टॅब. त्यात प्रश्न. एका मजुरामागं बारा मिनिटं. कुठल्या फडात जायचं ते कारखान्याच्या शेतकी खात्यानं ठरवलेलं, जीप त्यांची, पुढच्या सीटवर त्यांचा चिटबॉय. आम्ही उतरलो तेव्हा लेकरं दिसली नाहीत. फडात लेकरं नाहीत म्हणजे सकाळीच कुठंतरी हाकलून ठेवलेली. मी सोळा वर्षं फडात काढलेली आहेत, मला कळतं.

एक बाई मोळी बांधत होती. तिशीची असेल. तिला बोलावलं. मुकादम तीन पावलांवर तंबाखू मळत उभा. साहेबानं विचारलं, तब्येतीची काही तक्रार? मी मराठीत विचारलं. ती म्हणाली, 'आता कायबी तरास न्हाई. दोन वर्साखाली पिशवी काढून टाकलीय. आता खाडा पडत न्हाई.' आणि हसली. मग माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, 'तू कोणच्या गावचा रं?' मी गाव सांगितलं. 'मंग तुला म्हाईतच आसंल की.'

साहेब म्हणाला, काय म्हणते ती?

मी म्हणालो, नो कम्प्लेंट.

दोन शब्द. त्यानं टॅबवर हिरवी खूण केली. पुढचा प्रश्न होता, कामावर भेदभाव होतो का, हो किंवा नाही. जात असा शब्द त्या प्रश्नावलीत शेवटपर्यंत नव्हता. ती 'न्हाई' म्हणाली, मुकादमाकडं बघून. बारा मिनिटं संपली.

मी असं का केलं? मुकादमाची भीती होती, तिच्यासाठी. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं असं की पिशवीला टॅबमध्ये रकाना नव्हता. मी खरं भाषांतर केलं असतं तर साहेबाला तिथं काय लिहायचं ते कळलं नसतं, तो माझ्यावर वैतागला असता, आणि पुढच्या दौऱ्याला दुसरा दुभाष्या आला असता. माझं चिखलीतलं भाडं होतं, बहीण नर्सिंगला होती. तेव्हा मीही साखळीतली एक कडी झालो. जोखीम वरून माझ्यापर्यंत आली, आणि मी ती खाली सरकवली, माझ्या आईच्या वयाच्याही नसलेल्या एका बाईच्या डोक्यावर. त्यानंतर दोन वर्षं मी तिथंच नोकरी केली.

मग मार्च २०२४ आला. न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी मिळून महाराष्ट्राच्या साखरेवर मोठा शोधलेख छापला. उचल, बालविवाह, पिशव्या, आणि ज्यांच्या बाटल्यांत ही साखर जाते ते कोका-कोला आणि पेप्सिको. आमच्या ऑफिसात त्या दिवशी जेवायला कुणी उठलं नाही. फोन, फोन, फोन. तातडीच्या बैठकीत फळ्यावर लाल अक्षरात लिहिलं गेलं, 'रेप्युटेशनल रिस्क, हाय'. मी भिंतीला टेकून ते वाचत होतो. सरकारचा आकडा २०१९ पासून पडून होता. तेव्हा ती रिस्क नव्हती. बाईची पिशवी गेली तेव्हा रिस्क नव्हती, बातमी छापून आली तेव्हा झाली. तेराच हजार कशाला, बीडच्या सगळ्या बायांच्या काढल्या असत्या आणि कुणी छापलं नसतं तर फळ्यावर हिरवंच राहिलं असतं. यांच्या शब्दकोशात जोखीम म्हणजे कंपनीच्या नावाला, मालाला, नफ्याला लागणारा धक्का. माणसाला लागणारा धक्का हा त्या धक्क्याचं कारण म्हणून कधीमधी येतो.

आणि हे काही मी पहिल्यांदा सांगतोय असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली उद्योग आणि मानवी हक्क यांची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यात साफ लिहिलंय की तपासायची ती माणसांना असलेली जोखीम, आणि ती साखळीच्या टोकापर्यंत. कंपन्यांनी ती तत्त्वं फ्रेम करून भिंतीला लावली.

बातमीनंतर आम्ही पुन्हा फडात गेलो. या वेळी ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी होती, पत्र्याचा फिरता संडास होता. फोटो काढले. दुपारी दुसऱ्या फडात गेलो तर तीच टाकी, तोच संडास, टाकीवर तोच पोचा. फोटो काढले. संध्याकाळी मी राजीनामा दिला. टाळ्या वाजवू नका. दोन वर्षं उशिरा दिला.

सर्टिफिकिटांचं थोडं सांगतो. उसाला बॉन्सुक्रो नावाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. त्यात पाणी, खत, मजूर, सगळ्याचे नियम आहेत आणि नियम कागदावर वाईट नाहीत. पण एक खुबी ऐका. यात 'क्रेडिट' विकत घेता येतं. म्हणजे प्रमाणित कारखान्याची साखर तुम्ही घेतलीच पाहिजे असं नाही, साखर कुठलीही घ्या, आणि तेवढ्या टनांचं चांगुलपण वेगळे पैसे देऊन घ्या. साखर एकीकडं, पुण्य दुसरीकडं! आपल्या देशात ही कल्पना कुणाला समजावून सांगायला नको. भटाला दक्षिणा देऊन दुसऱ्याच्या हातून उपास करवून घेणारा समाज आहे हा.

कागद आणि माणूस यांच्यात किती अंतर असतं ते कराचीला दिसलं. तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एस.ए. ८००० हे मजुरांच्या हिताचं प्रमाणपत्र मिळालं ऑगस्ट २०१२ ला. सप्टेंबरच्या ११ तारखेला तिथं आग लागली आणि अडीचशेच्या वर माणसं मेली. आग खंडणीसाठी लावली असं कोर्टानं २०२० साली ठरवलं. असेल. पण खिडक्यांचे गज खंडणीवाल्यांनी बसवले नव्हते. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ११३४ मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. त्या इमारतीत खाली एक बँक होती, दुकानं होती. बँकेनं आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद राहिली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या मजुरांना दुसऱ्या दिवशी आत बोलावलं, नाही आलात तर महिन्याचा पगार जाईल म्हणून. एक इमारत, एकच तडा. बँकेसाठी ती जोखीम होती, शिवणाऱ्या पोरींसाठी हजेरी होती. त्याच बांगलादेशात २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये परदेशी ब्रँडांनी सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. त्यातले किती कपडे शिवून तयार पडले होते! साथ साऱ्या जगाला, भुर्दंड शिवणारीला.

सस्टेनेबिलिटीचं मराठी करतात 'शाश्वत'. हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. बुद्धानं सगळं अनित्य सांगितलं आणि या देशात शाश्वत काय राहिलं तर जात. असो. साखरेच्या शाश्वत अहवालात ठिबकचे फोटो असतात, पाण्याची बचत असते. पाण्याचं बोलायचंच तर पुरतं बोला. महाराष्ट्रात ऊस पिकाखालच्या जमिनीत चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या घरात पाणी पितो असं सरकारी अहवालच सांगत आलेत. पाणी उसाकडं गेलं, आमचं बीड कोरडं राहिलं, आणि कोरडं राहिलं म्हणून आम्ही त्याच उसाच्या मागं कोयता घेऊन गेलो. कोरडवाहू जिल्हा हा या उद्योगाचा मजुरांचा गोदाम आहे. तिथं पाणी पोचलं तर टोळ्या कुठून येतील? हा प्रश्न कुठल्या शाश्वत अहवालात दिसला तर मला पत्र टाका.

आता तुम्ही म्हणाल, रडलास खूप, करायचं काय?

तामिळनाडूकडं बघा. दिंडिगल जिल्ह्यात नाची ॲपरल नावाचा कपड्यांचा कारखाना, माल एच अँड एमसारख्या ब्रँडांचा. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका दलित कामगार पोरीचा खून झाला, सुपरवायझरनं केला. तिनं छळ सोसला होता. तिथं टी.टी.सी.यू. ही युनियन आहे, दलित बायांनी चालवलेली. त्यांनी मेणबत्त्या लावून विषय संपवला नाही. वर्षभर भांडल्या, आशियातल्या आणि अमेरिकेतल्या कामगार संघटनांना जोडून घेतलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. कारखान्याच्या मालकाबरोबर, आणि वेगळा करार ब्रँडबरोबर. त्यात लिंगावरून आणि जातीवरून होणारा छळ, दोन्ही शब्द लिहिलेत. माझ्या टॅबमध्ये जो शब्द नव्हता तो! फडक्यासारखा ऑडिटर येऊन जाण्याऐवजी युनियननं निवडलेल्या कामगार बायाच मजल्यावर देखरेख करणार. कारखान्यानं करार मोडला तर ब्रँडनं धंदा कमी करायचा, असं बंधन. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या कस्टमनं या कारखान्याचा माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला, आणि सप्टेंबरमध्ये सोडला तो या कराराखाली झालेले बदल बघून. कंपनी कशाला घाबरते ते यातून कळतं. बंदरावर अडकलेल्या कंटेनरला. राणा प्लाझानंतर बांगलादेशातला इमारतींचा करार टिकला तोसुद्धा सही कोर्टात चालणारी होती म्हणून.

वरून कुणी कायदा करील याची वाट बघायची तर बघा. युरोपियन युनियननं २०२४ साली मोठ्या कंपन्यांना साखळीची जबाबदारी घालणारा कायदा केला. डिसेंबर २०२५ पर्यंत भांडवलदारांनी तो कुरतडला, आता पाच हजारांवर कर्मचारी आणि दीड अब्ज युरोवर धंदा असेल त्यालाच लागू करायचं ठरलं. आपल्याकडं सेबीनं वरच्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. वरच्या अडीचशे कंपन्यांनी पुरवठादारांची माहिती द्यायची होती, ती २०२५ मध्ये ऐच्छिक करून टाकली. आणि पुरवठादार कोण, तर खरेदीत निदान दोन टक्के वाटा असेल तो. माझ्या आईचा वाटा किती टक्के निघाला असता?

आपल्या हातात जे आहे ते जुनंच आहे. संविधानाचं तेविसावं कलम. त्यात 'बेगार' हा शब्द जसाच्या तसा आहे, इंग्रजी मजकुरातसुद्धा. १९८२ साली सुप्रीम कोर्टानं एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही सक्तीचीच मजुरी. आणि १९७६ चा वेठबिगारीचा कायदा म्हणतो, अशा मजुरीला बांधणारं कर्ज रद्द. उचलीच्या चिठ्ठ्या या कायद्यासमोर ठेवायच्या आहेत. पण चिठ्ठी हवी, वजन हवं, दिवस हवेत. मुकादमाची वही आहे, आपली वही नाही. सगळं घोडं तिथं अडलंय.

म्हणून मी वही केलीय. शाळेची, दोनशे पानी. एका बाजूला कोयत्याचं नाव, बाईचं वेगळ्या ओळीत. उचल किती, खाडे किती, दंड किती, रोजचं टन किती. गर्भपात, बाळंतपण, ऑपरेशन, खर्च कुणी दिला. दुसऱ्या बाजूला गाडीचा नंबर, ठेकेदार, कारखाना. काही कंपन्या आपल्या पुरवठादारांच्या याद्या जाहीर करतात, बॉन्सुक्रो आपल्या सदस्यांची यादी जाहीर करतं आणि तक्रारही घेतं. कारखान्याचं नाव दोन्हीकडं जुळलं की बाटलीपासून कोपीपर्यंतचा रस्ता आपल्या अक्षरात लिहिलेला असेल. एका हंगामात दहा टोळ्या झाल्या तरी मला पुरे. नावं छापायची नाहीत, बायांनी हो म्हटल्याशिवाय एक ओळ बाहेर द्यायची नाही. मुकादमाशी मारामारी करायला कुणी येऊ नका, त्याचं घर माझ्या घरापासून चार दारं आहे.

पोरी पाहिजेत. माझ्याशी बाया पिशवीबद्दल दोनदा बोलणार नाहीत, एकदा बोलली होती तिचं मी काय केलं ते ऐकलंत. ती बाई मला अजून सापडलेली नाही. तिच्या गावात गेलो होतो, घराला कुलूप होतं, टोळी कर्नाटकात गेली म्हणाले.

दिवाळीनंतर ट्रक भरतील. त्याच्या आधी दोन रविवार इथं बसून वही कशी भरायची ते शिकू. एस.टी.चं भाडं ज्याचं त्यानं काढायचं, राहायला माझं घर आहे, आई भाकरी घालील. ज्यांना यायचंय त्यांनी नाव द्या. वही दाराजवळच्या बाकावर ठेवलीय, पेन दोरीला बांधलाय, घेऊन जाऊ नका.